काजळी कुणाची, जाब कुणाला?

'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' अशी एक म्हण मराठीत आहे. जागतिक हवामानबदलाच्या चर्चेत गेले पाव शतक जे चालले आहे, त्याचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीचे आवरण तापवले, तेच देश आता बंब घेऊन निघाले आहेत. आणि त्या बंबाचे तोंड वळले आहे ते भारतीय खेड्यातील स्वयंपाकघराकडे. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या आणि दारच्या गोवऱ्या पेटवून भाकरी भाजणारी वर्धा जिल्ह्यातील कष्टकरी स्त्री ही हिमालयाचे बर्फ वितळवणारी आणि मान्सूनची घडी विस्कटवणारी आरोपी ठरू पाहते आहे.

या आरोपाला उत्तर दिलेच पाहिजे. परंतु उत्तर देण्याच्या आवेशात चुलीच्या धुराचे समर्थन करण्याची चूक कोणी करू नये. कारण या प्रकरणात आरोप करणाऱ्यांचा हेतू जितका तपासण्याजोगा आहे, तितकीच आपली स्वतःची बेपर्वाईही तपासण्याजोगी आहे.

काजळीचे विज्ञान

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. लाकूड, शेण, कोळसा वा डिझेल पुरेशी हवा न मिळता जळू लागले की त्यातील कार्बन पूर्णपणे जळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म काळे कण धुराबरोबर बाहेर पडतात. शास्त्रज्ञ ज्याला 'ब्लॅक कार्बन' म्हणतात, ती हीच काजळी. भांड्याच्या बुडाशी जमते तीच. फरक इतकाच की हवेत तरंगणारा तिचा कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो आणि तो श्वासावाटे थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो.

काळे कापड उन्हात लवकर तापते, त्याच न्यायाने हे कण सूर्यप्रकाश शोषून घेतात. त्यामुळे हवेचा थर तापतो आणि जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश मात्र घटतो. हिमनदीवर ही काजळी बसली की पांढरे बर्फ मळते, प्रकाश परतवण्याची त्याची शक्ती कमी होते आणि ते वेगाने वितळू लागते. हे सारे खरे आहे. परंतु काजळीचा आणखी एक गुणधर्म आहे, ज्याचा उच्चार मोठ्या व्यासपीठांवरून हळू आवाजात होतो. काजळी हवेत राहते ती काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे. पाऊस पडला की धुऊन जाते. याउलट कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा वातावरणात शतकानुशतके साचून राहतो. आज विझवलेल्या चुलीची काजळी पंधरवड्यात नाहीशी होईल. मँचेस्टर आणि पिट्सबर्गच्या धुराड्यांतून एकोणिसाव्या शतकात निघालेल्या वायूचा वाटा मात्र आजही आकाशात आहे. दोन्ही अपराधांना एकाच तराजूत तोलणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

ढगाचे नामकरण

१९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' नावाची एक मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम राबवली गेली. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे वीरभद्रन् रामनाथन आणि नोबेलविजेते पॉल क्रुट्झन हे तिचे अग्रणी होते. भारतीय उपखंडाच्या दक्षिणेला समुद्रावर पसरलेला तपकिरी धुरकट थर या मोहिमेने मोजला. शास्त्र म्हणून हे काम मोलाचेच होते. परंतु ऑगस्ट २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने लंडनमध्ये त्यावरील अहवाल प्रसिद्ध केला आणि 'आशियाई तपकिरी ढग' हे नाव जगभरच्या वृत्तपत्रांतून गाजू लागले. जोहान्सबर्गची वसुंधरा परिषद तेव्हा अवघ्या दोन आठवड्यांवर आली होती. विकसित राष्ट्रांना त्यांच्या जबाबदारीचा जाब जेथे विचारला जायचा, त्या परिषदेच्या तोंडावर आशियाच्या कपाळी काळा टिळा लागला, याला निव्वळ योगायोग म्हणायचे असेल तर म्हणावे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. श्रीनिवासन आणि ज्येष्ठ मान्सूनशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून या ढगात तथ्य किती आणि कल्पना किती, याची रोखठोक तपासणी केली. भारत सरकारनेही आक्षेप घेतला. पुढे या प्रकल्पाच्या नावातील 'आशियाई' हा शब्द गळाला आणि 'वातावरणीय तपकिरी ढग' असे नाव आले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहराला कोळशाच्या धुरक्याने पाच दिवस वेढले आणि हजारो माणसे त्यात मृत्युमुखी पडली. त्या धुरक्याला 'युरोपीय काळा ढग' असे नाव कोणी दिले नाही. दोष आपला असला की तो स्थानिक अपघात आणि दुसऱ्याचा असला की तो त्याच्या खंडाचा स्वभाव, ही दृष्टी नवी नाही. वसाहतवादाच्या काळातही ती अशीच होती.

सत्य नाकारून चालणार नाही

तथापि नाव चुकीचे होते म्हणून धूर खोटा ठरत नाही. हे सांगणारे संशोधन खुद्द महाराष्ट्राच्या भूमीतून झाले आहे. पवई येथील आयआयटीच्या चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की भारतात निर्माण होणाऱ्या काजळीचा सर्वांत मोठा वाटा घरगुती चुलींत जळणारे लाकूड, शेण आणि पिकांचे अवशेष यांचा आहे.

२००९ साली त्याच नियतकालिकात आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. त्यासाठी हवेचे नमुने घेतले होते मालदीवमधील एका बेटावर आणि पुण्याजवळच्या सिंहगडावर. स्टॉकहोम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संशोधकही त्यात सहभागी होते. भूगर्भातील कोळशात व तेलात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. कालपरवा वाढलेल्या झाडाच्या लाकडात तो असतो. या एका खुणेवरून काजळीचे मूळ ओळखता येते. निष्कर्ष असा निघाला, की नमुन्यांतील कार्बनयुक्त कणांचा सुमारे दोन तृतीयांश भाग लाकूडफाटा आणि शेतातील कचरा अशा जैविक इंधनाच्या ज्वलनातून आलेला होता.

ज्या सिंहगडाने स्वराज्याची साक्ष दिली, त्याच गडाने दिलेली ही साक्षही मान्य करावी लागेल. सत्याला घाबरण्याचे राष्ट्रवादाला कारण नाही. प्रश्न आहे तो या सत्याचा अर्थ कोण कसा लावतो, हा.

चोर सोडून संन्याशाला फाशी

चुलीच्या धुरात काळ्या कणांबरोबर प्रकाश परावर्तित करणारे फिकट सेंद्रिय कणही मोठ्या प्रमाणात असतात. काळे कण तापवतात, फिकट कण निववतात. त्यामुळे चुलीच्या धुराचा पृथ्वीच्या तापमानावर निव्वळ परिणाम किती, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मोठी अनिश्चितता आहे. डिझेलच्या धुरात मात्र काळ्या कणांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते आणि तो तापवतो, याविषयी शंका फार थोडी. २०१३ साली टॅमी बाँड आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी केलेल्या विस्तृत आढाव्याचा सूर हाच होता. त्या आढाव्यात काजळीचा तापवणारा प्रभाव दर चौरस मीटरला १.१ वॅट इतका धरला होता. परंतु खालची मर्यादा ०.१७ आणि वरची २.१, म्हणजे बारापटींचे अंतर! २०२१ च्या आंतरशासकीय हवामान मंडळाच्या अहवालात तो अंदाज पुष्कळच खाली आणण्यात आला. त्याच अहवालात कार्बन डायऑक्साइडचा प्रभाव मात्र २.१६ वॅट असा, बऱ्याच खात्रीने दिलेला आहे.

याच मंडळाने २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची भीती वर्तवली होती आणि जानेवारी २०१० मध्ये हे विधान सदोष असल्याचे त्यालाच मान्य करावे लागले. हिमनद्या आक्रसत आहेत, यात शंका नाही. परंतु इतक्या मोठ्या अंदाजांच्या बळावर कोणा गरिबाच्या घरावर खटला भरायचा असेल, तर पुरावाही तितकाच भक्कम हवा.

आणि हिशेबच मांडायचा तर तो पूर्ण मांडावा. औद्योगिक क्रांतीपासून आजवर जगाने कोळसा-तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या घरात आहे. आजही सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय माणूस सुमारे दोन टन. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच ठणकावून सांगितले होते, की जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांची बेरीज एका रकान्यात करता येणार नाही. भाकरीचा धूर आणि मोटारींच्या ताफ्याचा धूर एकच मानणारे गणित हे गणित नसून राजकारण आहे.

पापक्षालनाचा नवा बाजार

या राजकारणाला आता व्यापाराचीही जोड मिळाली आहे. मध्ययुगीन युरोपात पैसे मोजून पापमुक्तीची पत्रे मिळत असत. आधुनिक युरोप-अमेरिकेत त्यांना 'कार्बन क्रेडिट' म्हणतात. एखादी विमान कंपनी वा तेल कंपनी आपला धूर तसाच चालू ठेवते आणि आशिया-आफ्रिकेतील खेड्यांत सुधारित चुली वाटण्याच्या योजनांतून 'वाचलेल्या' धुराची प्रमाणपत्रे विकत घेते. गरिबाच्या घरातील धूर जितका मोठा दाखवावा, तितकी प्रमाणपत्रे अधिक.

जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी अशा चूल-प्रकल्पांची तपासणी 'नेचर सस्टेनेबिलिटी'मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट बचत कागदोपत्री दाखवलेली आढळली. म्हणजे ज्या बाईच्या नावे पुण्य विकले गेले, तिच्या घरातला धूर बव्हंशी तसाच. आणि ज्याने ते पुण्य विकत घेतले, त्याचा धूरही तसाच. गरिबाची चूल ही श्रीमंताच्या पापाची भरपाई करण्याचे साधन होऊ द्यायची काय, हा या घटकेचा खरा प्रश्न आहे.

आपल्या घरातील अंधार

परंतु परक्यांच्या ढोंगावर बोट ठेवताना आपल्या घरातील अंधार विसरता येत नाही. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात देशातील सुमारे सहा लाख मृत्यूंना घरातील धूर कारणीभूत ठरला. फुंकणीने निखारा फुलवताना डोळे चोळणारी माता, तिच्या मांडीवरचे तान्हे मूल आणि चुलीशेजारी अंथरुणाला खिळलेली वृद्धा या त्या आकड्यामागच्या व्यक्ती आहेत. पावसाळ्यात सरपण ओले झाले, की त्या घराचे काय होते ते वर्धा-यवतमाळच्या कोणाही स्त्रीला विचारावे.

मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाला हा धूर इतकी वर्षे का दिसला नाही? हमरस्त्यांवरील भोजनालयांत 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरचे पिठले' अशा पाट्या झळकतात. शहरी माणूस गाडीतून उतरतो, परंपरेची चव घेतो आणि निघून जातो. चुलीपुढे बसलेल्या बाईला मात्र निघून जाता येत नाही. जुने ते सारे सोने आणि पाश्चात्त्य बोलले म्हणून धूर पवित्र, असे मानणारा भाबडेपणा हा स्वाभिमान नव्हे. परंपरेने आपल्याला अग्नीची पूजा शिकवली; अर्धवट जळणाऱ्या अग्नीत घरच्या लक्ष्मीला घुसमटवायला शिकवले नाही.

वर्ध्याने दिलेले उत्तर

या प्रश्नाचे स्वदेशी उत्तर शोधायला सातासमुद्रापार जाण्याची गरज कधीच नव्हती. १९३२ साली आचार्य विनोबा भावे वर्ध्याचा आश्रम सोडून नालवाडीत राहावयास आले. ही मुख्यतः दलित बांधवांची वस्ती होती. सेवा करायची ती दुरून उपदेश करून नव्हे, तर ज्यांना कष्ट पडतात त्यांच्यात राहून, त्यांच्यासारखे श्रम करून, हा त्या स्थलांतराचा अर्थ. कातणाऱ्याला त्याच्या मजुरीत पोट भरता येते की नाही, हे विनोबांनी तेथे स्वतः सूत कातून पारखले. १९३४ मध्ये नालवाडीत ग्रामसेवा मंडळ उभे राहिले. पुढे १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले, तरी नालवाडीने घालून दिलेली कसोटी कायम राहिली: ज्याच्यासाठी सुधारणा करायची, त्याच्या अंगणात ती टिकली पाहिजे.

त्याच १९३४ साली वर्ध्यातच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी येथे जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली खेड्याच्या उपयोगी पडणाऱ्या साधनांचे प्रयोग सुरू झाले. परदेशी रॉकेलऐवजी देशी तेलावर जळणारा 'मगनदीप' तेथे तयार झाला. गावच्या मातीने बांधायची, एका आगीवर अनेक भांडी शिजवणारी आणि धुराड्यावाटे धूर घराबाहेर काढणारी 'मगनचूल'ही तेथलीच. 'ब्लॅक कार्बन' हा शब्द जगाच्या परिषदांत येण्याच्या कितीतरी आधी वर्ध्याने चुलीच्या धुराला हात घातला होता आणि तो कोणा अहवालाच्या भीतीने नव्हे, तर घरातील स्त्रीच्या डोळ्यांतील पाणी पाहून.

दुर्दैव असे, की स्वातंत्र्यानंतर हा वारसा दिल्लीच्या फायलींत अडकला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळेपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्याची नोंद झाली. त्यांतील असंख्य चुली थोड्याच काळात फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्तीला कोणी आले नाही आणि बाया जुन्या चुलीकडे परतल्या. उद्दिष्टाचे आकडे पुरे झाले. धूर तेथेच राहिला. नालवाडीची कसोटी विसरल्याचा हा परिणाम होता.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने हे चित्र मोठ्या प्रमाणावर पालटले, हे मान्य केले पाहिजे. ८ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत, पूर्ण झाले. पुढे हा आकडा १० कोटींच्या वर गेला. परंतु जोडणी आणि वापर या दोन गोष्टी आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाने दाखवले, की उज्ज्वलाच्या ग्राहकांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले. ऑक्टोबर २०२३ पासून प्रति सिलिंडर ३०० रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि नंतर ही सरासरी चारच्या पुढे गेली. पाच माणसांच्या घराला एवढ्यात वर्ष काढता येत नाही. सिलिंडर कोपऱ्यात उभे असते आणि शेजारी चूल पेटलेली असते. रिकामे सिलिंडर धूर घालवत नाही. ते फक्त आकडेवारी सजवते.

करावयाचे काय?

उपाय घराजवळच आहेत. ज्या घरी चार जनावरे आहेत, तेथे गोबर गॅस संयंत्र बसवून ते चालू ठेवणारा गावातलाच कारागीर तयार करावा. अनुदानाहून त्याची गरज अधिक आहे. विदर्भात पऱ्हाटी अमाप आहे. गुलाबी बोंडअळीमुळे ती शेतात वा घराशेजारी साठवून ठेवू नये, असे शास्त्रज्ञ सांगतात. मग ती बांधावरच पेटवून दिली जाते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील केंद्राने पऱ्हाटीपासून विटुकल्या आणि गोळ्यांच्या स्वरूपातील इंधन करण्याचे तंत्र विकसित केले आहे. कापसाच्या प्रत्येक तालुक्यात असा उद्योग उभा राहिला, तर धूर घटेल आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसेही येतील. मगनवाडीच्या जागेवर आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे; तिने नालवाडीपासूनच आरंभ करावा. आणि अतिगरीब घरांसाठी गॅसचे अनुदान सिलिंडर रिकामे पडणार नाही, इतके असावे.

डिझेलकडेही डोळेझाक नको. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' मानके लागू झाली आणि नव्या डिझेल वाहनांना काजळी गाळणारी यंत्रणा आवश्यक ठरली. परंतु जुने ट्रक आजही धूर ओकत धावत आहेत आणि समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. गावकुसाबाहेरच्या वीटभट्ट्यांचेही तेच. ज्याची काजळी निश्चितपणे तापवते, त्याच्यावर आधी अंकुश, हा क्रम न्यायाचा आणि शास्त्राचाही आहे.

जगाच्या व्यासपीठावर भारताची भूमिका एका वाक्यात मांडता येईल. चुलीचा धूर आम्ही घालवू, कारण तो आमच्या माता-भगिनींचे प्राण घेतो. त्याच्या बदल्यात तुमच्या कार्बन डायऑक्साइडचा एक किलोही माफ होणार नाही. आमच्या स्वयंपाकघरातील सुधारणा तुमच्या खतावणीत जमा धरता येणार नाही.

ही भूमिका ताठ मानेने मांडण्याचा अधिकार मात्र मिळवावा लागेल. ज्या दिवशी नालवाडीच्या पंचक्रोशीतील एकाही स्त्रीला भाकरीसाठी धूर गिळावा लागणार नाही, त्या दिवशी भारताचा प्रतिनिधी जगाला जाब विचारू शकेल आणि त्याच्याकडे बोट दाखवायला कोणाचाही हात उचलणार नाही.